जुना कॉम्प्रेसर घेताना आधी टाकी पाहावी

प्रश्न : डिचोलीत भाड्याच्या गाळ्यात दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज सुरू करण्याचा माझा विचार आहे. पुढे पॅनेल रंगवण्याचे कामही घ्यायचे आहे. कुंडई औद्योगिक वसाहतीतील बंद झालेली एक कार्यशाळा सगळे सामान एकरकमी विकत आहे. त्यात ३ एचपीचा, १६० लिटर टाकीचा, पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर, इम्पॅक्ट गन, बेंच व्हाइस, ड्रिल मशीन आणि पान्यांच्या दोन पेट्या आहेत. कॉम्प्रेसर नुकताच रंगवलेला आहे आणि चालवून दाखवला तेव्हा दाबाचा काटा ८ बारपर्यंत चढला. एवढ्यावर तो घ्यावा का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : काटा ८ बारपर्यंत चढला, एवढ्यावरून फारसे काही कळत नाही. रिंगा झिजलेला पंपही पुरेसा वेळ दिल्यास तो दाब गाठतो. किती वेळात गाठतो हे पाहायला हवे, आणि त्याहीआधी तो दाब ज्या टाकीत साठतो ती धड आहे का, हे पाहायला हवे. पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह प्लेट, पट्टा, प्रेशर स्विच, मोटरचे बेअरिंग हे सगळे बदलता येते. आतून खाल्लेली टाकी मात्र पुन्हा भरवशाची करता येत नाही. ४० सेंटिमीटर व्यासाच्या टाकीच्या टोकाच्या बशीवर ८ बारला सुमारे १० टन जोर असतो, हे लक्षात घेतले की टाकीबाबत तडजोड का करू नये ते वेगळे सांगावे लागत नाही.

गोव्यात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. पावसाळ्यात ३० अंश तापमानाच्या दमट हवेत दर घनमीटरमागे साधारण २५ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. तीच हवा ८ बारपर्यंत दाबून थंड झाली की त्यातले बहुतेक पाणी बाहेर पडते. मिनिटाला २०० लिटर हवा देणारा कॉम्प्रेसर तासभर सतत चालला, तर पाव लिटरच्या आसपास पाणी निघते. त्यातले काही टाकीच्या तळाशी साचते आणि काही नळीतून पुढे स्प्रे गनपर्यंत जाते. रोज ड्रेन कॉक उघडून हे पाणी काढले नाही, तर पत्रा तळाकडून, आतल्या बाजूने झिजत जातो आणि बाहेरचा नवा रंग त्याचा पत्ता लागू देत नाही. किनाऱ्याजवळच्या कार्यशाळेतील यंत्राला खाऱ्या वाऱ्यामुळे बाहेरूनही गंज धरतो, म्हणून यंत्र कुठे वापरले गेले, हेही विचारून घ्यावे.

प्रत्यक्ष पाहणी अशी करावी. दाब जेमतेम ठेवून ड्रेन कॉक उघडावा. थोडे गढूळ पाणी आले तर चिंता नाही, पण लालसर चिखल आणि गंजाचे पापुद्रे येत असतील तर व्यवहार तिथेच थांबवावा. कॉक उघडतच नसेल, तर टाकीचे पाणी फार दिवसांत कोणी काढलेले नाही, असे समजावे. दाब पूर्ण उतरवल्यावर टाकीच्या पोटाखाली, पायांच्या जोडांजवळ आणि ड्रेनच्या आसपास हात फिरवावा. लांबी (पुट्टी) भरून सारखा केलेला उंचवटा किंवा ठिगळासारखे वेल्डिंग लागले तर ती टाकी नाकारावी. टाकीवरील पाटीवर क्षमता, कमाल कार्यदाब, चाचणीदाब आणि निर्मितीचे वर्ष वाचता आले पाहिजे. पाटी रंगाखाली गेली असेल तर रंग खरवडून पाहावा. पाटीच नसेल तर तो कॉम्प्रेसर घेऊ नये. विक्रेत्याची कार्यशाळा कारखाना म्हणून नोंदलेली असेल, तर कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३१ खाली दाबाच्या उपकरणांची जबाबदारी तिच्यावर होती. तेव्हा सक्षम व्यक्तीने केलेल्या तपासणीचे अहवाल मागावेत. ते मिळाले नाहीत, तर पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक गेजने मोजून घ्यावी आणि टाकीची पाण्याच्या दाबाची चाचणी करून घेण्याची अट घालावी. ही चाचणी हवेने कधीच करू देऊ नये. पाणी दाबले तरी फारसे आकसत नाही, त्यामुळे पत्रा फाटला तरी पाणी गळून जाते; हवेत साठलेली ताकद मात्र पत्र्याचे तुकडे उडवते.

टाकी उत्तीर्ण झाली की पंपाकडे वळावे. हवा किती मिळते, हे मोबाइलच्या घड्याळानेही मोजता येते. आधी टाकीतील पाणी पूर्ण काढून टाकावे, कारण पाण्याने जागा अडवली की हवेसाठी कमी जागा उरते, टाकी लवकर भरते आणि पंप आहे त्यापेक्षा चांगला वाटतो. मग बाहेर जाणारी हवा बंद करून काटा ६ वरून ८ बारवर जाण्यास लागणारा वेळ नोंदवावा. १६० लिटरच्या टाकीत २ बार वाढले म्हणजे साधारण ३२० लिटर मोकळी हवा आत गेली. तिला दीड मिनिट लागले, तर पंप मिनिटाला सुमारे २१३ लिटर, म्हणजे साडेसात सीएफएम (मिनिटाला साडेसात घनफूट) हवा देतो, आणि ३ एचपीच्या जुन्या यंत्राला ते चांगलेच म्हणायचे. अडीच मिनिटे लागली तर आकडा १२८ लिटरवर येतो आणि रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजले आहेत, असे समजावे. पाटीवरचा मोठा आकडा बहुधा पिस्टनच्या विस्थापनाचा, म्हणजे पिस्टन मिनिटाला जेवढी जागा सरकून व्यापतो त्याचा असतो. प्रत्यक्ष हवा त्याहून बरीच कमी मिळते, म्हणून दोन्हींची गल्लत करून भाव ठरवू नये.

यंत्र आपोआप बंद झाल्यावर प्रेशर स्विचमधून क्षणभर फुस्स आवाज येणे योग्य आहे. तो चालूच राहिला तर टाकीतली हवा उलट येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतो आहे. हा भाग स्वस्त आहे, पण तो बिघडलेला असल्यास मोटरला दरवेळी दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागते आणि ती जळू शकते. बाहेर येणाऱ्या हवेसमोर पांढरा कागद धरावा. त्यावर तेलाचे थेंब उमटले तर पॅनेलच्या रंगावर खड्डे पडतील. पंपातील तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी गेले आहे. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून तो मोकळा उघडतो आणि पुन्हा घट्ट बसतो का, हेही पाहावे.

आपल्या गरजेचा हिशेबही मांडावा. अधूनमधून चालणाऱ्या इम्पॅक्ट गनला आणि दुचाकीची पॅनेले रंगवण्याच्या लहान गनला साडेसात सीएफएम पुरतात. मोठ्या एचव्हीएलपी (कमी दाबाने जास्त हवा सोडणाऱ्या) स्प्रे गनला १० ते १५ सीएफएम सतत लागतात, तेव्हा मोटारगाड्या रंगवण्याचा बेत असेल तर हा कॉम्प्रेसर कमी पडेल. मोटर सिंगल फेजची असेल तर ती १५ अँपिअरच्या आसपास वीज घेते आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट. तिच्यासाठी स्वतंत्र लाइन आणि योग्य एमसीबी (वीजभार वाढताच आपोआप बंद होणारा स्विच) हवा, आणि गाळ्याचा मंजूर वीजभार वाढवायचा असेल तर वीज खात्याकडे अर्ज आधीच करावा. थ्री फेजची मोटर असल्यास गाळ्यात तशी जोडणी आहे का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

हातहत्यारांबाबत मी निर्धास्त आहे. जुना चांगला पाना नव्या हलक्या पान्यापेक्षा केव्हाही बरा. फक्त तोंड पसरलेले आणि क्रोमचे धारदार पापुद्रे सुटलेले पाने बाजूला काढावेत. व्हाइसचे जबडे मिटवून उजेडाकडे धरावेत, मध्ये फट दिसते का ते पाहावे आणि बिडाच्या अंगावर तडा किंवा जोड आहे का, ते पाहावे. ड्रिलचा चक धरून आडवा हलवावा. तो हलला तर बेअरिंग गेले आहे. ग्राइंडरचे जुने दगड फुकट मिळाले तरी वापरू नयेत. एकरकमी सौद्यात प्रत्येक वस्तूची यादी असलेली, सहीची पावती घ्यावी, म्हणजे चोरीच्या मालाचा प्रश्न पुढे उद्भवला तर आपल्याकडे पुरावा राहील.

प्रश्न : माझ्या कॉम्प्रेसरच्या टाकीला तळाशी सुईएवढे भोक पडले आहे. ओळखीचा वेल्डर ते लगेच बुजवून देतो म्हणतो. द्यावे का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : देऊ नये. भोक पडले तिथे पत्रा सर्वांत पातळ झाला होता, आणि त्याच्या आजूबाजूचाही जवळपास तितकाच पातळ झालेला असतो. त्यावर वेल्डिंगची उष्णता दिली की भोकाच्या कडेने नवी कमकुवत रेघ तयार होते. दाब उतरवून यंत्र आजच बंद करावे. पंप आणि मोटर चांगली असतील तर ती पाटी आणि चाचणीचा दाखला असलेल्या नव्या टाकीवर बसवता येतात. जुनी टाकी भंगारात देण्यापूर्वी तिला गॅस कटरने मोठे छिद्र पाडून घ्यावे, म्हणजे ती कोणी रंगवून पुन्हा विकणार नाही.