राजदूत ३५० ला ‘हाय पॉवर’ इग्निशन कॉइल टाकल्या तर मिसिंग जाईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९८६ची राजदूत ३५०, १२ व्होल्ट, पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे इंजिन फिरेल तसा उघडझाप करून कॉइलचा करंट तोडणारा स्विच). सकाळी थंड असताना झकास पळते, पण कसारा घाट चढली की पाच हजार आरपीएमच्या वर अडखळते, म्हणजे मिसिंग: सिलिंडर मधेमधे पेट घेत नाही. मेकॅनिक म्हणतो, दोन्ही कॉइल (बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करून प्लगला ठिणगी देणाऱ्या) काढून चाळीस हजार व्होल्टच्या टाका. टाकाव्यात का, आणि कुठल्या?

टाका, पण आज नको. कॉइल खराब असेलच असं नाही, आणि ती खराब आहे की नाही हे या गाडीत फुकट कळतं. दोन सिलिंडरना दोन स्वतंत्र कॉइल, दोन पॉइंट, दोन कंडेन्सर (पॉइंट उघडताना त्यावर उडणारी ठिणगी दाबणारे कपॅसिटर), म्हणजे तुलना करायला दुसरा नमुना गाडीतच बसलेला आहे.

आधी कुठलं सिलिंडर मिस मारतंय ते ठरवा. गाडी तापवा, अडखळायला लागली की त्याच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद करा आणि दोन्ही प्लग काढा. ओला आणि काळा निघेल ती बाजू दोषी. आता पॉइंटकडून येणाऱ्या दोन्ही वायरी कॉइलवर अदलाबदल करा आणि प्लगकडे जाणाऱ्या एचटी (हाय टेन्शन) वायरीही तशाच उलट करा. डावीचा पॉइंट उजव्या कॉइलला, आणि उजव्या कॉइलची ठिणगी डाव्या प्लगला. राजदूत ३५० म्हणजे मुळात यामाहाची आरडी ३५०. यामाहाच्या मूळ वायरिंगमध्ये डावी वायर नारिंगी आणि उजवी राखाडी असते, पण चाळीस वर्षांत किती हातांनी काय जोडलंय सांगता येत नाही, त्यामुळे रंगावर विसंबू नका, वायर हातात धरून पॉइंटपर्यंत शोधा. एचटी वायर पुरत नसेल तर सरळ कॉइलच्या जागा बदला. पुन्हा गाडी तापवा. मिसिंग दुसऱ्या सिलिंडरला गेलं तर दोष कॉइलचा, तिच्या वायरचा किंवा प्लगवरच्या कॅपचा. तिथेच राहिलं तर प्लग, पॉइंट, कंडेन्सर किंवा त्या बाजूचा कार्ब्युरेटर. आणि दोन्ही प्लग सारखेच निघाले तर दोघांना मिळून येणारा करंटच कमी पडतोय.

या तिसऱ्या शक्यतेकडे फार कमी लोक बघतात. बॅटरीपासून कॉइलपर्यंत करंट फ्यूज होल्डर, किल्लीचा स्विच, हँडलवरचा किल स्विच आणि तीन-चार कनेक्टर अशी वाट काढत येतो. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा व्होल्टेज गळतो. मोजायचं असं: किल्ली चालू, किक हाताने हळू दाबून त्या कॉइलचा पॉइंट बंद स्थितीत आणा. मल्टिमीटरची लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी कॉइलच्या प्लसला. जो आकडा दिसेल तेवढा व्होल्टेज वाटेत खाल्ला जातोय. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. या वयाच्या मूळ वायरिंगमध्ये दीड-दोन व्होल्ट दिसले तरी नवल नको.

दोन व्होल्ट म्हणजे किरकोळ वाटतं, पण कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १२.५ ऐवजी १०.५ व्होल्ट पोहोचले तर ठिणगीची ऊर्जा जवळजवळ ३० टक्क्यांनी घटते. शिवाय कॉइलच्या आतली तांब्याची तार तापली की तिचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. टाकीखाली कॉइल ५० अंशांनी तापली तर ४ ओहमचे ४.८ होतात आणि करंट आणखी एक षष्ठांश कमी. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात घाटात नेमकं हेच घडतं. अशा गाडीत नवी कॉइल टाकणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी (आपल्या गंगापूर रोडच्या सोमेश्वराचा यात दोष नाही).

यावर इलाज स्वस्त आहे: रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. कारच्या हॉर्नला लागतो तसला चार पिनांचा, १२ व्होल्ट ३० अँपिअरचा. त्यावर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे कोरलेले असतात. बॅटरीच्या प्लसपासून १.५ चौरस मिलिमीटरची वायर १५ अँपिअरच्या फ्यूजमधून ३० ला. ८७ वरून दोन्ही कॉइलच्या प्लसला. आधी कॉइलला येणारी किल्लीची वायर तिथून काढून ८६ ला, आणि ८५ चॅसीला अर्थ. किल स्विच पूर्वीसारखाच काम करतो, फक्त कॉइलचा भार त्याच्यावरून उतरतो. रिले सीटखाली रबर लावून पिना खाली तोंड करून बसवा, म्हणजे पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडे गेलात तरी सॉकेटमध्ये पाणी साचणार नाही. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच हवा. लांब टाकला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर त्याचा उपयोग नाही.

कॉइल दोषी नाही असं अदलाबदलीत कळलं तर पुढचा संशय कंडेन्सरवर. थंड असताना नीट, तापल्यावर मिसिंग, हे त्याचं नेहमीचं लक्षण. कव्हर काढून इंजिन चालू असताना पॉइंटवर मोठी निळी ठिणगी उडताना दिसली, किंवा पॉइंटच्या एका तोंडाला खड्डा आणि दुसऱ्याला टेकडी झालेली असली तर कंडेन्सर बदला, दोन्ही एकदम. डब्यात बरीच वर्षं पडलेला ‘नवा जुना’ कंडेन्सर बऱ्याचदा जुन्यापेक्षा वाईट निघतो. त्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला ०.२२ मायक्रोफॅराड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रोपिलीन कपॅसिटर घ्या आणि इंजिनच्या उष्णतेपासून लांब, कॉइलजवळ लावा. एक पाय पॉइंटच्या वायरला, दुसरा अर्थला. पाय बारीक असतात, हादऱ्याने तुटतात, म्हणून हीट श्रिंक चढवून बांधून टाका.

आता खरंच कॉइल गेली असेल तर. मल्टिमीटरवर प्रायमरी (पॉइंटकडची गुंडाळी) आणि सेकंडरी (प्लगकडची गुंडाळी) बरोबर दाखवते म्हणून कॉइल चांगली, असं धरू नका. आतलं इन्सुलेशन हजारो व्होल्टच्या दाबाखाली फुटतं, मीटरच्या ९ व्होल्टच्या सेलला ते दिसत नाही. जुन्या प्लगची बाजूची पट्टी वाकवून ६ मिलिमीटर गॅप करा, प्लगचं अंग चॅसीला घट्ट टेकवा आणि किक मारा. तापलेली कॉइल तेवढी उडी निळसर ठिणगीने मारत असेल तर तिला हात लावायचं कारण नाही. एचटी वायर हवेत मोकळी सोडून मात्र किक मारू नका. ठिणगीला जायला जागा मिळाली नाही की ती कॉइलच्या आत वाट फोडते.

चाळीस हजार व्होल्टच्या आकड्याला भुलू नका. प्लगचा गॅप ओलांडायला जेवढा लागेल तेवढाच व्होल्टेज चढतो. ०.६ मिलिमीटरच्या गॅपला चाळीस हजार कधीच लागत नाहीत, आणि कॉइलने पिकअप वाढत नाही. बुलेटला (फोर-स्ट्रोक, दोन फेऱ्यांत एक ठिणगी) तर हा खर्च जवळजवळ वायाच, कारण तिथे चार हजार आरपीएमला दोन ठिणग्यांमध्ये ३० मिलिसेकंद मिळतात, कॉइल आरामात भरते. तुमच्या गाडीचं तसं नाही. टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेरीला ठिणगी लागते. सात हजारला एक फेरी ८.६ मिलिसेकंदांची, त्यातला साधारण निम्माच वेळ पॉइंट बंद असतो. एवढ्यात कॉइल भरायला हवी, म्हणून जुनी थकलेली कॉइल इथे वरच्या आरपीएमला आधी गळते. त्यामुळे तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं सपशेल चुकीचं नाही, फक्त क्रम चुकला.

कॉइल विकत घेताना डब्यावरचे व्होल्ट नाही, प्रायमरीचे ओहम बघा. दुकानातच मीटर लावून मोजा. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येईल तो वजा करा, नाहीतर अर्धा ओहम तिथेच चुकतो. पॉइंटसाठी ३.५ ते ५ ओहम हवेत. पॉइंट सतत चार-पाच अँपिअरपेक्षा जास्त सोसत नाहीत, आणि १४ व्होल्टला दीड ओहमची कॉइल ९ अँपिअर ओढते. पॉइंट काही दिवसांत काळेठिक्कर होतील, आणि किल्ली चालू राहिली तर कॉइल उकळेल. ६ व्होल्टच्या गाडीची आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या कारची कॉइल याच कारणाने बाद. आरएक्स १०० ची कॉइल सहज मिळते म्हणून मोह होतो, पण ती सीडीआयची, म्हणजे पॉइंट नसलेल्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनची. ऊर्जा तिथे सीडीआयच्या कपॅसिटरमध्ये साठते, कॉइल नुसता ट्रान्सफॉर्मर असते. तिची प्रायमरी इतकी कमी ओहमची की पॉइंटला जोडणं म्हणजे जवळजवळ शॉर्ट सर्किट.

दोन्ही कॉइल एकाच बनावटीच्या घ्या. ब्रॅकेटची भोकं जुळली नाहीत तर ३ मिलिमीटरच्या पट्टीतून सातपूर-अंबडला कुठलाही फॅब्रिकेटर तासाभरात नवं करून देतो. केबल टायने लटकवू नका. बसवताना एक गोष्ट हमखास विसरली जाते: काही कॉइलची सेकंडरी आतल्या लोखंडी पत्र्यांमार्फत अर्थ होते. चॅसी पावडर कोटिंग करून आणली असेल तर बोल्ट फक्त रंगाला टेकलेला असतो, आणि नव्या कॉइलची ठिणगी पिवळट पडते. ब्रॅकेटखालचा रंग नाण्याएवढा खरवडा, खाचांचा वॉशर घाला आणि इंजिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक जाड अर्थ वायर ओढा. कॉइलवर प्लस-मायनस लिहिलेलं असेल तर मायनस पॉइंटकडे. उलट जोडली तरी गाडी चालू होते, पण ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतो आणि तापल्यावर परत तेच मिसिंग.

एचटी वायर ७ मिलिमीटरची, तांब्याच्या गाभ्याची. कॅपमधला स्क्रू त्या गाभ्यात घुसायला हवा, म्हणून टोक काटकोनात कापा आणि आत तार दिसतेय ना बघा. काम झाल्यावर रात्री लाइट बंद करून इंजिन चालवा. वायरवर निळं काहीतरी रांगताना दिसलं तर ती गळतेय.

पॉइंटचा गॅप ०.३ ते ०.४ मिलिमीटर, आणि दोन्ही बाजूंना सारखा. पॉलिश पेपर वापरू नका, त्याचे कण तोंडात रुततात. पॉइंटची बारीक कानस फिरवा आणि पेट्रोलात भिजवलेला कोरा जाड कागद मधून ओढा. पॉइंट उघडणाऱ्या कॅमला टेकलेल्या वातीला तेलाचा एकच थेंब. मात्र गॅप हलला की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) हलतं, हे विसरलात तर कॉइलचा खर्च पिस्टनपर्यंत जाईल. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो, टायमिंग पुढे सरकतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये त्याचा शेवट पिस्टनच्या टाळूला भोक पडण्यात होतो. गॅप आधी, मग प्लगच्या भोकात डायल गेज लावून मॅन्युअलच्या आकड्याला टायमिंग, दोन्ही सिलिंडरचं वेगवेगळं. डोळ्याने किंवा आवाजावर नको.

कमी ओहमच्या कॉइलचा भार अल्टरनेटरवरही येतो. मुंबई नाक्याला सिग्नलवर हेडलाइट लावून आयडलला उभे राहिलात की बॅटरीतूनच खर्च चालू असतो. तीन हजार आरपीएमला बॅटरीच्या टोकांवर १४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. दिसले नाहीत तर अल्टरनेटरचे कार्बन ब्रश आणि रेग्युलेटरचे पॉइंट बघा. प्लग बी८एचएस, गॅप ०.६ वरच ठेवा. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पॉइंटचं कव्हर पुन्हा उघडा. नव्या पॉइंटची कॅमवर घासणारी टाच सुरुवातीला लवकर झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं. गॅप आणि टायमिंग तेव्हा पुन्हा एकदा लावून घ्या.