आवडता ट्राउटचा पट्टा सोडून दुसऱ्या पाण्यावर जावे का?

आपण विचारले आहे की पेनसिल्व्हेनियातील स्प्रिंग क्रीक या ओढ्याच्या एकाच पट्ट्यावर आपण अनेक हंगाम फ्लाय फिशिंग (नकली माशी म्हणजे फ्लाय लावून केलेली मासेमारी) करत आहात आणि तिथे ट्राउट मासे हमखास मिळतात, तर ते पाणी सोडून दुसरीकडे जाण्यात काय हशील आहे आणि जायचेच झाले तर कुठे जावे. मी स्वतः बेलफॉन्ट गावाच्या वरचे तेच पाणी बराच काळ धरून होतो, त्यामुळे आडपडदा न ठेवता सांगतो: जरूर जावे. मात्र स्प्रिंग क्रीकसारख्याच दुसऱ्या ओढ्यावर न जाता मुळात वेगळ्या जातीच्या पाण्यावर जावे, आणि तेही मे-जूनमध्ये, म्हणजे हे पाणी सोडणे सर्वांत जिवावर येते त्याच दिवसांत.

स्प्रिंग क्रीक चुनखडकातून फुटणाऱ्या झऱ्यांवर वाहतो. झऱ्याचे पाणी बारा महिने साधारण १० ते ११ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, त्यामुळे ओढा हिवाळ्यात गोठत नाही आणि उन्हाळ्यात फारसा तापत नाही. विरघळलेल्या चुन्यामुळे पाणवनस्पती दाट वाढतात, त्यांत गोड्या पाण्यातील बारीक कोळंबीसारखे जीव मुबलक असतात, आणि तिथल्या रानटी ब्राऊन ट्राउटला अन्नासाठी धावाधाव करावी लागत नाही. केपोन आणि मायरेक्स या रसायनांच्या प्रदूषणामुळे १९८२ पासून येथे मासा घरी नेण्यास मनाई आहे. पकडलेला प्रत्येक मासा परत सोडला जातो आणि अनेक हातांतून गेल्यामुळे तो चांगलाच सावध होतो. अशा पाण्यावर माणूस बारीक फ्लाय, सहा एक्सचे टिपेट (फ्लाय बांधायचा अतिशय बारीक धागा) आणि ओढ न पडू देता फ्लाय वाहू देण्याची कला उत्तम शिकतो. त्याबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही.

अडचण वेगळीच आहे. झऱ्याच्या ओढ्याची पातळी इतकी स्थिर असते की वर्षानुवर्षे मासे त्याच जागा धरून राहतात, आणि आपण प्रवाह वाचत आहोत असे समजता समजता प्रत्यक्षात पत्ते पाठ करू लागतो. अमुक सायकॅमोर झाडाच्या मुळाशी एक, पुलाखालच्या डाव्या खांबामागे दुसरा. हे ज्ञान खरेच असते, पण ते त्या काठापलीकडे चालत नाही, आणि पाणीच बदलत नसल्यामुळे त्याची परीक्षाही कधी होत नाही.

म्हणून पहिली पसंती मी उत्तरेकडील डोंगरी ओढ्यांना देईन, उदाहरणार्थ पाइन क्रीकला येऊन मिळणारा स्लेट रन. हे वाळूखडकाच्या डोंगरांतील, पावसावर चढणारे-उतरणारे पाणी आहे. त्यात चुना नाही, म्हणून अन्न तुटपुंजे आहे, आणि समोर वाहत आलेली गोष्ट अन्न आहे की नाही हे ठरवायला तिथल्या ट्राउटला क्षणभराचाच अवकाश मिळतो. त्यामुळे फ्लायच्या बाबतीत तो क्वचितच चिकित्सा करतो. बारा-चौदा नंबरच्या गळावरची केसाळ, ठळक दिसणारी ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी नकली माशी) चालते. तो आपली सावली मात्र माफ करत नाही. खालून वर, वाकून, धोंड्यांच्या आडोशाने जायचे, रॉडच्या टोकाबाहेर दोन-तीन मीटरच लाइन (फेकायची दोरी) ठेवायची, आणि धोंड्यामागच्या परातीएवढ्या संथ जागेत फ्लाय टाकून लाइन प्रवाहाला लागू न देता वर उचलून धरायची. तिथे पाठ केलेला पत्ता कामास येत नाही, कारण मागच्या पुराने धोंडेच हलवलेले असतात. वेगवान आणि संथ पाणी एकमेकांना घासून जाते ती रेघ दर वेळी नव्याने शोधावी लागते. आपली लांब, नाजूक लीडर (लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा पारदर्शक धागा) तिथल्या झुडपांत केवळ अडकेल. अडीच मीटरहून लांब ठेवू नका. मासे वीतभर लांबीचे मिळतील आणि त्यांत ब्रुक ट्राउट असतील. तोच या राज्याचा मूळ रहिवासी. आपला ब्राऊन ट्राउट १८८३ मध्ये अंड्यांच्या रूपाने जर्मनीहून अमेरिकेत आला, तेव्हा स्थलांतरिताने मूळ रहिवाशाची एकदा भेट घ्यावी हे रास्तच आहे.

दुसरे पाणी अगदी उलट टोकाचे आहे: डेलावेअर नदीची वेस्ट ब्रांच ही शाखा. न्यूयॉर्क शहराला पाणी पुरवणाऱ्या कॅननस्विल धरणाच्या तळातून सोडलेल्या थंड पाण्यावर ती जगते. हॅनकॉक गावाच्या वरच्या अंगाला काही अंतर ती न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया या दोन राज्यांची सीमा आहे आणि त्या सीमेवरच्या पाण्यात दोहोंपैकी कोणत्याही राज्याचा परवाना चालतो. रुंद, आरशासारखे सपाट पाणी, दिसण्याजोगा धोंडा नाही, आणि दूरवर एकच मासा वर येऊन माशी टिपतो आहे. इथे फेकण्यापेक्षा थांबण्याला महत्त्व आहे. तो मासा किती अंतराने वर येतो आणि पाण्यावर तरंगणारी माशी घेतो की पृष्ठभागाखालीच उबून वर येणारी, हे पाहून मग एकदाच, वरच्या बाजूला पुरेशी सैल लाइन देऊन फ्लाय टाकायची. निघण्यापूर्वी धरणातून किती पाणी सोडले आहे हे जलमापन केंद्राच्या आकड्यांवरून अवश्य पाहा. विसर्ग वाढला की पायी उतरणे धोक्याचे होते.

पेन्स क्रीकचे नाव आपल्याला अनेक जण सुचवतील. ग्रीन ड्रेक माशीच्या हॅचला, म्हणजे त्या माश्या एकदम पाण्यातून बाहेर पडतात तेव्हा, तिथे जत्रा भरते आणि ती पाहण्यासारखी असते, पण तेही चुनखडकातलेच पाणी असल्यामुळे या कामासाठी मी ते मागे ठेवीन. दूरच्या मोंटाना राज्याचा प्रवासही मागेच ठेवीन.

आता मे-जूनविषयी. याच दिवसांत स्प्रिंग क्रीकवर संध्याकाळी सल्फर माशांचा हॅच होतो, आणि त्यातल्या काही संध्याकाळी आपल्याला गमवाव्या लागतील. परंतु डोंगरी ओढे खऱ्या अर्थाने याच काळात मासेमारीजोगे असतात. जुलैत ते आटतात आणि तापतात, आणि पाणी २० अंशांच्या वर गेले की दमलेला ट्राउट सोडून दिला तरी मरण्याची शक्यता असते. तेव्हा परत येऊन स्प्रिंग क्रीकवर सकाळच्या ट्रायको माशांचा हॅच गाठता येतो. वर्षात मोजकेच मोकळे शनिवार-रविवार मिळत असतील, तर हा हिशेब आपल्याला परवडणार नाही आणि आहे तिथेच राहिलेले बरे.

एक खबरदारी मात्र ऐच्छिक नाही. २०१३ मध्ये स्प्रिंग क्रीकमध्ये न्यूझीलंडची चिखलगोगलगाय आढळली. काही मिलिमीटर लांबीच्या या गोगलगायीची एकटी मादी नराशिवाय प्रजनन करते, म्हणजे बुटाच्या तळव्याला चिकटून गेलेली एकच गोगलगाय स्लेट रनसारख्या ओढ्यात नवी वसाहत उभी करू शकते. साध्या साबणाने ती मरत नाही आणि थोडा वेळ वाळवूनही भागत नाही. बूट आणि वेडर्स (पाण्यात उतरण्याची जलरोधक विजार) ब्रशने घासून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावेत. घरी फ्रीझरमध्ये जागा नसेल तर दुसऱ्या पाण्यासाठी बुटांचा वेगळा जोड घ्यावा. मी तोच मार्ग पत्करला, कारण फ्रीझरमध्ये बूट ठेवायला घरातून परवानगी मिळाली नाही.