जुन्या ट्रॅव्हलरची गळती: कोटिंगच्या आधी भोक शोधा

तुमची 2004 ची टेम्पो ट्रॅव्हलर व्हॅन, आधीच्या मालकाने घरीच कॅम्पर, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय केलेली. पावसात पलंगाच्या उशाशी पाणी ठिबकतंय, दुसरी बॅटरी (इंजिनची नव्हे, आतल्या वापराची) रात्र काढत नाही, गॅरेजवाला म्हणतोय सगळ्या टपावर वॉटरप्रूफ कोटिंग मारून टाकू, आणि दिवाळीत कोकणात उतरायच्या आधी तुम्हाला टपावर सोलर पॅनेल हवंय. यातलं आधी काय करू, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट सांगतो: कोटिंगला आत्ता अजिबात हो म्हणू नका. टपाचा सपाट पत्रा सहसा गळत नाही. गळतात ती त्यात पाडलेली भोकं, सांधे आणि काचांची रबरं. वरून थर चढवला की भोक झाकलं जातं, आत शिरलेलं पाणी तसंच राहतं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पत्रा आतून खाल्ला जातो.

उशाशी ठिबकतं म्हणजे भोक उशाच्या वरच असेल असं नाही. पत्र्याखाली आडव्या पट्ट्या असतात. पाणी एका जागी शिरतं, पट्टीवरून वाहतं आणि गाडी ज्या बाजूला कलती उभी असेल तिकडे प्लायच्या फटीतून खाली येतं. पुढच्या पावसात गाडी उलट्या उताराला लावून बघा. ठिबकायची जागा सरकली, तर पाणी लांबून येतंय हे नक्की.

मग एका कोरड्या दिवशी उशाकडचं छताचं प्लाय उतरवा. पत्रा आणि पट्ट्या फडक्याने कोरड्या करा आणि साध्या पांढऱ्या खडूने पत्र्यावर आडव्या रेघा ओढा, जवळ जवळ. आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं, बाहेर दुसऱ्याने पाइप धरायचा. पाण्याला जोर नको, नुसती धार सोडायची. प्रेशर वॉशर मारला तर पावसात कधी गळणार नाही तिथूनही पाणी आत घुसेल आणि तुम्ही भलत्याच जागी सील करत बसाल. सुरुवात खालून: आधी खिडकीच्या रबराची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, मग पन्हळ (टपाच्या कडेची पाणी वाहायची नाली), शेवटी टप, त्यात कॅरिअरचे बोल्ट आणि छताचा पंखा, म्हणजे टपाला भोक पाडून बसवलेला हवा खेळवणारा पंखा. प्रत्येक जागी दहा मिनिटं तरी द्या. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि काहीच कळत नाही. आत पहिली रेघ पुसली गेली की पाइप थांबवा, रेघ जिथून तुटली तिथून ओघळ उलटा वर शोधत जा. घरगुती कॅम्परमध्ये माझा पहिला संशय नेहमी छताच्या पंख्यावर असतो, कारण तो नंतर बसवलेला असतो.

भोक सापडलं की त्यावर सिलिकॉन फासू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज लावतं. शिवाय एकदा सिलिकॉन लागलं की त्याचा अंश राहतो, त्यावर पुढे रंगही धरत नाही आणि दुसरं सीलंटही. पंख्याची फ्रेम पूर्ण काढा, जुना चिकटा खरवडा, भोकाच्या कडेचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून त्याला प्राइमर-रंग द्या आणि मग ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) घालून फ्रेम परत आवळा. पत्र्याच्या सांध्यांना पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरा, गाडीच्या काचा चिकटवायला वापरतात त्या जातीचं. काचेचं रबर कडक होऊन तडकलं असेल तर नवंच टाका.

रंगाला फोड आलेत तिथे स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. टोक आत गेलं तर लांबी (पुट्टी) किंवा एमसील भरून भागणार नाही, सडका पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करायला हवा. तुमच्या गाडीचा आराखडा मर्सिडीजच्या 1977 च्या टी-वन व्हॅनवरून आलेला आहे. त्या व्हॅनही गंजासाठी बदनाम आहेत, म्हणून पन्हळ, दारांचा तळ, पायरी आणि चाकांच्या कमानी आधी तपासा. दारांच्या तळाला पाणी निघायची बारीक छिद्रं असतात, ती चिखलाने बुजलेली असतील तर तारेने मोकळी करा. वेल्डिंगच्या आधी दोन्ही बॅटऱ्यांची निगेटिव्ह काढा आणि जवळचं सगळं इन्सुलेशन हलवा, ते पेट घेतं. चासी, स्प्रिंगच्या बैठका आणि सीटबेल्टच्या जागा मात्र चांगल्या वेल्डरकडेच द्या.

प्लाय उतरवल्यावर आत ग्लासवूल निघालं तर ते परत घालू नका. ते पाणी धरून पत्र्याला चिकटून बसतं. बंद छिद्रांचा, पाणी न शोषणारा फोम घाला. आणि कोरड्या थंड रात्रीनंतरही सकाळी पत्रा ओला दिसला तर ती गळती नाही, तुमच्याच श्वासाची वाफ आहे. झोपताना पंखा थोडा उघडा आणि समोरची एक काच दोन बोटं खाली ठेवा.

आता बॅटरी. नवी घ्यायच्या आधी एक साधा, स्वस्तातला मल्टिमीटर घ्या. चार्ज करून काही तास लोड न लावता ठेवलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे साधारण अर्धी. मग इंजिन चालू करून दोन्ही बॅटऱ्यांच्या टर्मिनलवर मोजा. पुढच्या, इंजिनच्या बॅटरीवर 14.2 आणि मागच्या, दुसऱ्या बॅटरीवर 13.2 आलं, तर दोष बॅटरीचा नाही. वायर बारीक आहे, रिले (दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा स्विच) गेलाय, किंवा अर्थचा बोल्ट, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा, रंगावर आवळलाय. हा बोल्ट काढून खालचा पत्रा घासणं हे पाच मिनिटांचं काम आहे, तेच आधी करा. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या वायरीच्या दोन्ही टोकांना, टर्मिनलच्या अगदी जवळ, फ्यूज हवाच. तो नसेल तर आजच वायर सोडवून ठेवा. पलंगाखाली इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी असेल तर ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तिला बंद पेटी करा आणि पेटीच्या वरच्या बाजूने गाडीबाहेर नळी काढा. त्यावर तुम्ही झोपता.

गॅसचा सिलिंडर आत ठेवत असाल तर त्याच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं छिद्र हवं, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळाला तर जमिनीलगत साठतो.

घाट उतरणार आहात म्हणून ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट-थ्री जातीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 205 अंशांना उकळतं, ओल धरल्यावर मर्यादा 140 पर्यंत उतरते. लांब उतारावर ते उकळलं की पेडल नुसतं आत जातं. शेवटचं कधी बदललं ते आधीच्या मालकाला सांगता येत नसेल तर बदलूनच निघा आणि कुंभार्ली घाट उतरताना गाडी खालच्या गियरमध्ये ठेवा. टायरवर कडेला चार आकडे असतात, टायर बनल्याचा आठवडा आणि साल, तेही बघा. कॅम्पर उभीच जास्त असते, त्यामुळे खाचा भरपूर दिसतात पण रबर म्हातारं झालेलं असतं.

सोलर सगळ्यात शेवटी, आणि टपाला नवीन भोक न पाडता. पन्हळीला पकडणारं कॅरिअर बसत असेल तर पॅनेल त्यावर घ्या, खालून वारा लागला की पॅनेल थंड राहून जास्त वीज देतं. वायर आत शिरण्याआधी तिला खाली झोका द्या आणि मग वर वळवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोक्याच्या तळाशीच गळून जाईल.

खडूच्या रेघांचा फोटो आणि दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे टाका, म्हणजे पंखा की काच आणि वायर की रिले हे नक्की सांगता येईल.