बोट हुकली म्हणून सेमिनरी?

पत्र: माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे. आयएमयूची (भारतीय सागरी विद्यापीठाची) सीईटी पास झाला, डेक कॅडेट म्हणून, म्हणजे बोटीवरचा शिकाऊ अधिकारी म्हणून, एका कंपनीत निवड झाली. पांढऱ्या गणवेशाचं कापडसुद्धा शिंप्याकडे टाकलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी मेडिकलमध्ये रंगांधळेपणा निघाला. हे आईकडून येतं, असं डॉक्टर म्हणाले. आता मी ठरवलंय, त्याने फादर होण्यासाठी सेमिनरीत जाऊन बंदरावरचा चॅप्लिन, खलाशांना भेटणारा धर्मगुरू, व्हावं. म्हणजे बोटही मिळेल आणि वांद्र्याच्या मोतमावलीला (माउंट मेरीला) मी बोललेला नवसही फिटेल. तो खोलीतून बाहेर येत नाही. त्याला कसं समजावू?
– एक आई, वडगाव शेरी, पुणे

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले: ‘हे आईकडून येतं, असं डॉक्टर म्हणाले.’ त्याच्या लगेच पुढचं वाक्य आहे, ‘आता मी ठरवलंय.’ ही दोन वाक्यं शेजारी शेजारी का आली, हे तुम्ही स्वतःला विचारलंत का?

डॉक्टर बोलले ते शास्त्र म्हणून बरोबर आहे. लाल-हिरव्या रंगांचा हा दोष बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे जातो आणि आईला स्वतःला तो जाणवतही नाही. पण त्यात तुमचा अपराध कुठे आला? तुम्हाला माहीत असतं तरी तुम्ही काय करू शकला असतात? मला वाटतं, तुमच्यामुळे त्याचं काहीतरी गेलं असं तुम्ही धरून बसला आहात आणि त्याची भरपाई म्हणून त्याच्या हातात दुसरी बोट ठेवू बघताय. ती भरपाई त्याच्या आयुष्यातून करू नका. नवस तुम्ही बोललात, तो तुम्ही फेडा. मुलाला त्यात घालायचा हक्क आईलासुद्धा नाही.

आणि जरा त्याच्या बाजूने बघा. रंग ओळखण्याच्या चाचणीतल्या ठिपक्यांच्या त्या पानावर बाकीच्यांना ७४ दिसतो, तिथे त्याने बहुधा २१ वाचला असेल, तेही अगदी खात्रीने. समुद्रावर रात्री समोरच्या जहाजाची डावी बाजू लाल दिव्यावरून आणि उजवी हिरव्या दिव्यावरून ओळखतात, म्हणून रंग नीट ओळखता येण्याची ही अट आहे आणि ती योग्यच आहे. पण अठरा वर्षांच्या पोराला ती एका मिनिटात, एका पानावर कळली. तीन आठवडे म्हणजे काहीच नाहीत, ताई. त्याला आधी नीट दुःख करू द्या.

आता तुमचा एक गैरसमज. चॅप्लिन झाला की बोट मिळते, असं नाही. बंदरावरचा चॅप्लिन जहाजाबरोबर जात नाही. जहाज धक्क्याला लागलं की तो शिडी चढून वर जातो आणि ते सुटायच्या आत खाली उतरतो. कंटेनर जहाज न्हावा शेवासारख्या बंदरात जेमतेम दिवसभर थांबतं. वर वीस-पंचवीस माणसं असतात, कित्येक महिने घर न पाहिलेली. तेवढ्या वेळात कोणाला सिमकार्ड हवं असतं, कोणाला बाजारापर्यंत गाडी, कोणाचा पगार अडकलेला असतो, कोणाची बायको फोन उचलत नसते. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मागितली तर मिस्सा. नाही मागितली तर मेसमध्ये चहा घेत ऐकत बसायचं. धर्म विचारून मदत होत नाही. अँग्लिकन पंथाचं खलाशांसाठीचं मिशन हे काम १८५६ पासून करतंय, कॅथलिकांची तशीच संस्था स्टेला मारिस १९२० मध्ये ग्लासगोत सुरू झाली. भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सागरी कामगार करारातही म्हटलंय की बंदरावरच्या कल्याणकारी सोयी सगळ्या खलाशांना मिळाव्यात, देश-धर्म न बघता.

माझा मामा बोटीवर होता. गळ्यात माळ असलेला वारकरी माणूस. आजी गेल्याची तार त्याला परदेशातल्या एका बंदरात मिळाली. तिथल्या मिशनचे म्हातारे फादर त्याला आपल्या गाडीतून फोनपर्यंत घेऊन गेले, तो बोलत होता तेवढा वेळ थंडीत बाहेर उभे राहिले आणि परत सोडताना हाताने विणलेली लोकरीची टोपी त्याच्या डोक्यावर चढवून गेले. ती टोपी अजून आमच्या कपाटात आहे. म्हणून हे काम कोणी ‘निदान हे तरी’ म्हणून निवडलं की मला मनापासून राग येतो.

शिवाय सेमिनरी म्हणजे बारावीनंतरचा पर्यायी कोर्स नव्हे. नगर रोडवरून जाताना ज्ञानदीप, फादर होणाऱ्यांचं ते विद्यापीठ, तुम्ही रोज बघत असाल. तत्त्वज्ञान, ईशज्ञान आणि मधली सेवेची वर्षं धरली तर फादर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. त्यानंतर कुठे पाठवायचं ते बिशप ठरवतात. त्यांनी समुद्रापासून दोनशे मैलांवरच्या खेड्यात नेमलं, तर तुमचा मुलगा तिथे कशाच्या बळावर राहील? ज्याला हाक ऐकू आली असेल तो राहील. आईला ऐकू आलेली हाक त्याला पुरणार नाही.

आणि ज्या जहाजावर आपण कधीच अधिकारी होणार नाही, त्याचीच शिडी रोज चढायची, हे एखाद्याला रोजची जखम वाटेल, एखाद्याला त्यातूनच दुसऱ्याचं एकटेपण कळेल. तुमचा मुलगा यातला कोणता, हे आज त्यालाही माहीत नाही.

पुढच्या वाटा थोडक्यात सांगते. समुद्राशी नातं ठेवायचंच असेल तर आयएमयूमध्येच नेव्हल आर्किटेक्चर आणि लॉजिस्टिक्स आहे. प्रत्येक अभ्यासक्रमाची वैद्यकीय अट आधी वाचून घ्या. नाहीतर कोणतीही आवडीची पदवी. माणसांत काम करायची ओढ दिसली तर कर्वे समाज सेवा संस्थेत पुढे एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करता येईल. जहाजांवर भेटीला जाणारे सगळे फादरच नसतात, संसारी माणसंही असतात. कधी त्याने स्वतःहून विषय काढला तर तुमच्या पॅरिशच्या फादरांना सांगा, ते मुंबईतल्या चॅप्लिनशी गाठ घालून देतील. ‘त्याने स्वतःहून’ हे शब्द मी मुद्दाम लिहिलेत.

तोवर त्याच्या खोलीच्या दारात माहितीपत्रकं घेऊन उभ्या राहू नका. जेवायला बोलवा, न आला तर ताट झाकून ठेवा. आणि शिंप्याकडे ते पांढरं कापड अजून पडलेलं असेल. त्याचं काय करायचं, ते त्यालाच विचारा.