भिंतीतून चालणारी फौज

प्रश्न : नातू म्हणतो, इस्रायली सैन्य फ्रेंच तत्त्वज्ञान वाचून लढतं. खरं का हो? (निवृत्त सुभेदार, देवळाली कॅम्प)

उत्तर : सुभेदारसाहेब, नातू बराचसा बरोबर आहे. एप्रिल २००२ मध्ये वेस्ट बँकमधल्या नाब्लुस या पॅलेस्टिनी शहराच्या जुन्या भागात इस्रायली अधिकारी अविव कोहावींचे सैनिक गल्ल्या टाळून घरांच्या भिंती फोडत पुढे सरकले. निवृत्त ब्रिगेडियर जनरल शिमोन नावेह अधिकाऱ्यांना देल्यूझ आणि ग्वातारी या फ्रेंच विचारवंतांचं लेखन शिकवत. 'गुळगुळीत जागा', म्हणजे सीमा-अडसर नसलेली जागा, ही त्या दोघांचीच भाषा. माझं बालपण भद्रकालीतल्या वाड्यात गेलं. सामायिक भिंतीपलीकडची फोडणी आम्हाला ऐकू यायची. त्या भिंतीतून बंदूकवाला घरात शिरला, तर आजीला कसली गुळगुळीत जागा! बाकी युक्ती जुनीच. १९४३ मध्ये इटलीतल्या ऑर्तोनात कॅनडाचे सैनिक असेच घराघरांतून गेले, देल्यूझ न वाचता.