वाचकांचे प्रश्न : व्हिएन्ना कुठून पाहायला सुरुवात करावी?

प्रश्न : आमची मुलगी नोकरीनिमित्त व्हिएन्नामध्ये असते. येत्या ऑक्टोबरात आम्ही उभयता तीन आठवडे तिच्याकडे जाणार आहोत. तेथील राजवाडे आणि संगीत यांविषयी पुष्कळ वाचले आहे. पण शहर म्हणून ते कसे आहे, हे समजून घ्यायचे आहे. तेथे नळाचे पाणी तसेच पितात असे मुलगी सांगते, ते खरे आहे का?
– एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : मुलगी सांगते ते अगदी खरे आहे, आणि व्हिएन्नाची ओळख त्या पाण्यापासूनच करून घ्यावी असे मला वाटते. एकोणिसाव्या शतकात तेथील विहिरींचे पाणी इतके दूषित झाले होते की विषमज्वर आणि पटकी यांनी शहराची पाठ सोडली नव्हती. एदुआर्त झ्यूस या भूगर्भशास्त्रज्ञाने आल्प्समधील झऱ्यांचे पाणी शहरात आणण्याची योजना नगरसभेत नेटाने लावून धरली आणि २४ ऑक्टोबर १८७३ रोजी, सम्राट फ्रान्त्स योसेफ यांच्या उपस्थितीत, श्वार्त्सेनबेर्ग चौकात त्या पाण्याचे कारंजे उडाले. ते आजही तेथे आहे. आपण ऑक्टोबरातच जात आहात, तेव्हा अवश्य पाहावे. दुसरी जलवाहिनी १९१० साली आली. दोन्ही वाहिन्यांतील पाणी पंपाविना, केवळ उताराने शहरापर्यंत येते. सयाजीराव महाराजांनी आजव्याचे पाणी बडोद्यात आणले, त्याच्या थोडे आधीची ही गोष्ट आहे. कॉफीगृहात बसाल तेव्हा छोट्या तबकात कॉफीच्या पेल्याशेजारी न मागता पाण्याचा ग्लास येईल, बहुधा त्यावर पालथा चमचा ठेवलेला; ते पाणी याच झऱ्यांचे असते.

दुसरे पाणी डॅन्यूबचे. जुन्या शहराला लागून वाहणारा प्रवाह म्हणजे तिचा एक कालवा. मुख्य नदी बरीच ईशान्येला आहे. १८७० ते १८७५ या काळात तिचे पात्र सरळ केले, तरी पूर थांबले नाहीत. म्हणून १९७२ पासून १९८८ पर्यंत नदीला समांतर असे सुमारे २१ किलोमीटर लांबीचे दुसरे पात्र खोदण्यात आले आणि निघालेल्या मातीचे दोन्ही पात्रांच्या मध्ये तेवढेच लांब बेट तयार झाले. एरवी या नव्या पात्राचे दरवाजे बंद असतात, पाणी तळ्यासारखे स्थिर राहते आणि उन्हाळ्यात लोक त्यात पोहतात. पूर आला की दरवाजे उघडून जादा पाणी त्यातून पुढे काढून देतात. ऑगस्ट २०२४ मध्ये काळा घोड्याच्या पुलावर उभे राहून विश्वामित्रीची पातळी इंचाइंचाने वाढताना ज्यांनी पाहिली, त्यांना या व्यवस्थेचे मोल निराळे सांगायला नको. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात व्हिएन्नामध्येही अतिवृष्टी झाली. त्या वेळी शहरातून वाहणारी वीन ही छोटी नदी फुगली आणि भुयारी रेल्वेचे काही मार्ग बंद ठेवावे लागले. तेव्हा तेथे सारेच प्रश्न सुटले आहेत असे मी म्हणणार नाही, मात्र डॅन्यूबसाठी इतकी वर्षे आधीपासून केलेली तयारी मला फार मोलाची वाटते.

शहराची रचना समजायला सोपी आहे. मांडवीभोवतीच्या चार दरवाजांच्या आतल्या वस्तीसारखे तेथेही तटबंदीतले जुने शहर होते. १५२९ आणि १६८३ साली तुर्की फौजांनी त्याला वेढा घातला होता. १८५७ मध्ये सम्राटाने तट पाडण्याचा हुकूम दिला आणि त्या जागी ‘रिंग’ हा रुंद वर्तुळाकार रस्ता झाला. संसद, ऑपेरा, विद्यापीठ, मोठी संग्रहालये या रस्त्यावरच आहेत. ट्रामने जाता जाता बहुतेक इमारती दिसतात. शहराचे २३ विभाग असून लोकसंख्या आता वीस लाखांवर गेली आहे. नगरपालिकेने बांधलेल्या भाड्याच्या घरांची परंपरा मात्र मुद्दाम पाहावी. १९३० साली पूर्ण झालेली कार्ल मार्क्स होफ ही वसाहत किलोमीटरभराहून लांब आहे आणि तिच्या मोठ्या कमानींतून आतल्या बागांत जाता येते.

रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, तेव्हा भाजी आणि दूध शनिवारीच आणून ठेवावे. त्या रविवारी ‘ऊ-१’ या भुयारी मार्गाने डोनाउइन्सेल स्थानकावर उतरावे. तेथून बेटावर येताच एका हाताला वाहती डॅन्यूब आणि दुसऱ्या हाताला ते राखून ठेवलेले पात्र, दोन्ही एकदम दिसतात.