वाचकांचे प्रश्न : पुंगळी काढलेली मोटारसायकल आणि गावाची झोप

प्रश्न : आमचे घर किनाऱ्याकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्याला लागून आहे, पडवी आणि डांबर यांच्यामध्ये जेमतेम एक गडगा. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या आणि एरवी गावातल्याच काही मुलांच्या पुंगळी (सायलेन्सरमधली आवाज दाबणारी नळी) काढलेल्या मोटारसायकली रात्री अकरानंतरही फटाके फोडत जातात. सासूबाई नव्वदीच्या आहेत, त्या दचकून उठतात आणि मग पहाटेपर्यंत जाग्याच राहतात. एका मुलाला समजावले, तर 'गाडी माझी, पेट्रोल माझे, रस्ता सरकारचा' असे उत्तर मिळाले. यावर काय म्हणावे आणि काय करावे?
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : त्या मुलाचे तिन्ही दावे खरे आहेत; फक्त तुमच्या सासूबाईंचे कान त्याच्या मालकीचे नाहीत, एवढे त्याच्या हिशेबातून सुटले आहे. राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदाने देशभर मुक्त संचाराचे स्वातंत्र्य त्याला दिले आहे आणि कंपनीचा मूळ सायलेन्सर लावून तो दापोलीहून हर्णैला गेला, तर त्या स्वातंत्र्यातले कणभरही कमी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी ध्वनिप्रदूषणावर दिलेल्या निकालात २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काशी शांततेचा संबंध जोडला आणि बोलण्याचा हक्क असलेल्याला इतरांना ऐकण्याची सक्ती करता येत नाही, अशी भूमिका घेतली. तो खटला मुख्यतः ध्वनिवर्धक आणि फटाके यांचा असला, तरी निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत अपवादात्मक प्रसंग वगळता हॉर्नसुद्धा वाजवू नये, असे त्यात सांगितले आहे. जिथे गरजेच्या हॉर्नलाही मर्यादा आहे, तिथे हौसेच्या आवाजाची बाजू अर्थातच लंगडी पडते.

आता पुंगळीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण गावात या बाबतीत गैरसमज फार आहेत. इंजिनाची एक्झॉस्ट झडप उघडते तेव्हा तापलेला वायू दाबाने धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो. सायलेन्सरमधले कप्पे आणि छिद्रांच्या नळ्या त्या धक्क्यांना आपसांत आपटवून त्यांचा जोर मोडतात. आतली पुंगळी काढली, की वायू सरळ बाहेर येतो. मुले धावत्या गाडीची चावी बंद-चालू करतात, तेव्हा न जळालेले पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन पेटते. तुम्हाला ऐकू येतात ते फटाके हेच. इंधनाची जुळणी न बदलता नुसती पुंगळी काढल्यावर जो 'पिकअप' वाढल्यासारखा वाटतो, तो बहुधा कानांनाच वाटतो. शिवाय बीएस-६ या प्रदूषणाच्या निकषांत बसणाऱ्या गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. संपूर्ण सायलेन्सरच बदलला तर अनेकदा तोही जातो, म्हणजे आवाजाबरोबर विषारी वायूही वाढतात.

तक्रार करताना मात्र आकड्यांच्या भानगडीत पडू नका. निवासी भागासाठी रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे खरे, पण ती काही काळाच्या सरासरीची आहे; एका गाडीच्या जाण्याला ती लावता येत नाही. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या १७५ सीसीवरील दुचाकीलाच चाचणीत ८० डेसिबलपर्यंत मुभा असते. त्यामुळे मोबाइलवरचे मापन घेऊन पोलिसांशी वाद घालण्यापेक्षा बदललेल्या सायलेन्सरकडे बोट दाखवावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार ध्वनिनियंत्रणाच्या मानकांचा भंग करून गाडी चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात आणि वाहन चालवण्याच्या परवान्यावरही तीन महिन्यांसाठी गदा येते. गाडीचा क्रमांक, वेळ, रस्त्याचा भाग आणि उभ्या गाडीच्या सायलेन्सरचे छायाचित्र असलेला लेखी अर्ज पोलीस ठाण्यात द्यावा. रात्री चालू असलेल्या त्रासासाठी ११२ हा क्रमांक आहेच.

गावातल्या मुलांच्या बाबतीत मात्र पोलीस ही शेवटची पायरी ठेवावी, असे माझे मत आहे. त्यांचे आईवडील तुमच्याच वाडीतले, आणि पुंगळी काढून देणारा गॅरेजवालाही बहुधा तालुक्याच्या गावातलाच. त्याला ग्रामसभेत बोलावून समज दिली, तर काम लवकर होते. पर्यटकांबाबत घरगुती निवासव्यवस्था चालवणाऱ्यांनी खोली देतानाच अट सांगावी. चिडून रस्त्यावर दगड मांडणे किंवा दोरी बांधणे असले प्रकार कोणीही करू नयेत. अंधारात त्याने माणूस मरतो. आणि, राग मानू नका, पण सत्यनारायणाच्या रात्री तुमच्या वाडीतला भोंगा दहानंतर बंद होतो ना, हेही एकदा पाहावे. नाहीतर ग्रामसभेत पहिला प्रश्न तोच येईल.

प्रश्न : मी मोटारसायकल चालवतो आणि माझा सायलेन्सर मोठ्या आवाजाचा आहे. आमच्याकडच्या रस्त्यांवर वळण संपेपर्यंत समोरचे वाहन दिसत नाही. आवाजामुळे त्याला मी येत असल्याचे कळते. हा सुरक्षेचा भाग नाही का?
— एक तरुण वाचक, मालवण

उत्तर : तुमची शंका प्रामाणिक आहे आणि जांभ्याच्या दरडीआड लपलेली वळणे खरोखरच धोक्याची असतात. परंतु सायलेन्सरचे तोंड मागे असते, त्यामुळे तुमच्या आवाजाचा मोठा भाग ज्यांना तुम्ही ओलांडून आलात त्यांच्याकडे जातो. समोरून काचा लावून येणाऱ्या मोटारीतल्या चालकाला तो ऐकू येईपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो. वळणावर सूचना द्यायची तर हॉर्न आहे, तो गरजेपुरताच वाजतो. आणि रात्री वळणापूर्वी दिव्याची उघडझाप केली, की समोरच्याला झाडांवर पडलेला प्रकाश तुमच्याआधी दिसतो. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही चालू राहतो, तो याच हेतूने. वळणावर वेग कमी करून आपल्या डाव्या बाजूला राहावे. बाजारातल्या सायलेन्सरवर जेवढे पैसे खर्च झाले, तेवढ्यात आयएसआय खुणेचे चांगले हेल्मेट येते; ते घेतले नसेल तर आधी घ्या, आणि मूळ सायलेन्सर माळ्यावर असेल तर गॅरेजात नेऊन परत बसवून घ्या.